‘पूर्णेला पूर’ म्हणजे नक्की कुठल्या पूर्णेला?

प्रश्न थोडक्यात असा: विदर्भाच्या नकाशात पूर्णा दिसते, परभणी-हिंगोलीतही पूर्णा दिसते आणि पावसाळ्यात गुजरातच्या बातम्यांतही पूर्णेचा पूर येतो. ही एकच लांबलचक नदी आहे की वेगवेगळ्या? वेगवेगळ्या असतील तर ओळखायच्या कशा, आणि त्या-त्या भागाला त्यांचा उपयोग काय?

नद्या तीन आहेत आणि तिघींचं पाणी कुठेही एकत्र येत नाही. एक तापीला मिळते, दुसरी गोदावरीला, तिसरी थेट अरबी समुद्राला. केरळात कालडीजवळच्या पेरियारलाही आदि शंकराचार्यांच्या परंपरेत पूर्णा म्हणतात, पण तिची गल्लत आपल्याकडे कुणी करत नाही. घोळ होतो तो या तिघींचा, त्यातही पहिल्या दोघींचा, आणि सगळ्यात जास्त बुलढाणा जिल्ह्यात, कारण तिथून दोन्ही वाहतात.

ओळखीची जी वर्णनं सहज सुचतात ती इथे कामाची नाहीत, हे आधी लक्षात घ्या. ‘बुलढाण्यातून जाणारी पूर्णा’ म्हटलं तर दोघी. ‘डाव्या तीरावरून मिळणारी उपनदी’ म्हटलं तरी दोघीच. तापी पश्चिमेला वाहते, म्हणून दक्षिणेकडून येणारी तिची पूर्णा डाव्या तीराची. गोदावरी पूर्वेला वाहते, म्हणून उत्तरेकडून येणारी तिची पूर्णाही डाव्याच तीराची. ‘कापसाच्या काळ्या जमिनीतून वाहणारी’ हेही दोघींना लागू पडतं. नीट वेगळं करणारा प्रश्न एकच: ही नदी शेवटी कुणाला मिळते? तो आधी विचारला की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

तापीची पूर्णा मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात भैंसदेहीच्या बाजूला सातपुड्यात उगम पावते. अमरावती, अकोला, बुलढाणा असं करत ती जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर तालुक्यातल्या चांगदेवला तापीला मिळते. तिचं पाणलोट क्षेत्र सुमारे १८,९०० चौ. किमी, म्हणजे तापीच्या उपनद्यांत सगळ्यात मोठं. उत्तरेकडून सातपुड्याचं पाणी चंद्रभागा, शहानूर, वाण अशा नद्या आणतात. दक्षिणेकडून पेढी, काटेपूर्णा, मोर्णा, मन, ज्ञानगंगा, नळगंगा येतात. मुंबई-नागपूर रेल्वे मलकापूरपासून नांदुरा, शेगाव, अकोला, मूर्तिजापूरपर्यंत याच खोऱ्यातून जाते, त्यामुळे या गावांच्या संदर्भात पूर्णेचा उल्लेख आला तर ती तापीचीच.

इथे एक चकवा आहे. अकोला शहर पूर्णेवर नाही, मोर्णेवर आहे. शहराला पिण्याचं पाणी बार्शीटाकळी तालुक्यातल्या महान धरणातून येतं आणि ते धरण काटेपूर्णेवर आहे. ‘अकोल्याला पूर्णेचं पाणी’ असं लिहिलेलं दिसलं की बहुतेक वेळा काटेपूर्णेतलं ‘काटे’ गळलेलं असतं. काटेपूर्णा ही पूर्णेची उपनदी आहे, तिचा साठा पूर्णेच्या नावावर मांडू नये.

या पूर्णेचं खरं वैशिष्ट्य तिच्या काठच्या जमिनीत आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी भूभाग खचून एक खोलगट पट्टा तयार झाला आणि नद्यांनी तो गाळानं भरला. काही ठिकाणी हा गाळ ३०० मीटरहून जाड आहे. त्यात भूजलाची हालचाल अतिशय संथ, निचरा कमी आणि बाष्पीभवन जास्त, त्यामुळे क्षार साचत गेले. हाच खारपाणपट्टा. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत मिळून तो सुमारे ४,७०० चौ. किमी पसरलेला आहे. विहिरीला पाणी लागतं, पण ते पिता येत नाही आणि पिकालाही चालत नाही. इथल्या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण फार मोठं आहे. सोडियम जास्त असलेलं विहिरीचं पाणी दोन-तीन हंगाम दिलं की मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, वर कडक पापडी धरते आणि पुढचा पाऊस आत मुरायचा थांबतो. एकदा असं झालं की ती जमीन परत आणायला जिप्सम, चर आणि बरीच वर्षं लागतात. म्हणून या पट्ट्यात ‘विहीर खोदा’ हा सल्ला घातक आहे. इथे पावसाचं पाणी शेततळ्यात धरून हरभऱ्याला किंवा कपाशीला ऐन गरजेच्या वेळी एक-दोन संरक्षित पाळ्या देणं चालतं. शेततळंसुद्धा फार खोल नेलं तर खालचं खारं पाणी आत झिरपतं, हे आखणीच्या वेळीच पाहावं लागतं. नदीवरचे बॅरेज आणि नांदुरा तालुक्यातला जिगाव प्रकल्प यांच्याकडे लोक इतक्या आशेनं पाहतात त्याचं कारण हेच: इथे गोडं पाणी मिळवायचं तर ते वाहत्या पाण्यातून किंवा डोंगरातल्या धरणातूनच. तेल्हारा तालुक्यातल्या वारी भैरवगडच्या वाण धरणाचं पाणी नळानं खारपाणपट्ट्यातल्या गावांना देण्यावरून जे वाद होतात, तेही याच गरजेतून.

या नदीच्या पुराचं पाणी भुसावळजवळच्या हतनूर धरणात येतं. धरण तापीवर आहे, पण ते चांगदेवच्या संगमाच्या खाली असल्यामुळे त्याचे ४१ दरवाजे किती उघडायचे हे बऱ्हाणपूरकडच्या तापीइतकंच विदर्भातल्या पूर्णेवरही अवलंबून असतं. त्यासाठी पूर्णेवरच्या गोपालखेडा आणि येरळी या केंद्रीय जल आयोगाच्या मोजणी केंद्रांवरची पातळी पाहायची. हतनूरच्या खाली तेच पाणी गुजरातमधल्या उकाई धरणाला आणि पुढे सुरतेला जातं.

आता गोदावरीची पूर्णा. ती छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. सिल्लोड, भोकरदन, जाफराबाद करत बुलढाण्याच्या दक्षिण तालुक्यांत शिरते, मग जिंतूर आणि हिंगोलीच्या बाजूनं वसमत परिसरातून पूर्णा शहराकडे जाते आणि परभणी जिल्ह्यात पूर्णा तालुक्यातल्या कंठेश्वरला गोदावरीला मिळते. गोदावरी खोऱ्याच्या अधिकृत विभागणीत तिचं उपखोरं ‘जी-३’ आहे, क्षेत्र सुमारे १५,५८० चौ. किमी. दुधना ही तिची मोठी उपनदी.

बुलढाण्याचे लोक जिल्ह्याचे ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ तालुके असे दोन भाग करतात. नदी ओळखायला यापेक्षा सोपी खूण नाही. घाटाखाली, म्हणजे मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद या बाजूला, तापीची पूर्णा. घाटावर देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार या बाजूला गोदावरीची, आणि तिथे तिला खडकपूर्णा म्हणतात. देऊळगाव मही इथलं खडकपूर्णा धरण (संत चोखा सागर) हे याच नदीवर. मग उलटा घोटाळाही होतो: काही तक्त्यांत ‘खडकपूर्णा’ आणि ‘पूर्णा (गोदावरी)’ या दोन नद्या म्हणून दोन ओळींत येतात आणि एकाच नदीचं क्षेत्र दोनदा मोजलं जातं. शिवाय विदर्भातली दोन्ही खोरी विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या कार्यक्षेत्रात येतात, त्यामुळे महामंडळाच्या नावावरूनही कोणती पूर्णा ते कळत नाही.

खडकपूर्णेच्या खाली जिंतूर तालुक्यात येलदरी धरण आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस टीएमसी (अब्ज घनफूट), आणि पायथ्याच्या वीजघराची क्षमता २२.५ मेगावॉट. त्याच्या खाली औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर. ही दोन धरणं जोडीनं चालतात. येलदरी साठवतं, तिथून सोडलेलं पाणी सिद्धेश्वरमध्ये येतं आणि सिंचनाचे कालवे सिद्धेश्वरमधून निघतात. म्हणून ‘सिद्धेश्वर भरलं’ या बातमीवर रब्बीच्या पाळ्यांचा हिशेब करू नये, येलदरीत किती आहे ते आधी पाहावं. सिद्धेश्वरच्या एकूण साठ्यातला मोठा भाग मृत साठा (कालव्यात न येणारं तळाचं पाणी) आहे, त्यामुळे तिथे एकूण दलघमीचा आकडा ऐकायला बरा, कामाला थोडाच. वसमत भागातली हळद, केळी आणि ऊस या कालव्यांवर उभे आहेत. वरच्या अंगाला खडकपूर्णा आणि लहान बंधारे झाल्यावर येलदरी भरायला जास्त मोठा पाऊस लागतो. घाटावरचं बुलढाणा आणि खालचं परभणी-हिंगोली यांच्यातला ताण इथून येतो. तो एकाच नदीवरचा वरचे-खालचे असा ताण आहे. ‘विदर्भाची पूर्णा विरुद्ध मराठवाड्याची पूर्णा’ असं त्याचं वर्णन वाचलं की लिहिणाऱ्यानं दोन नद्या मिसळल्या आहेत असं समजावं.

नावाची चूक कागदावर किती महाग पडू शकते, त्याचं उदाहरण याच नदीवर आहे. ६ ऑक्टोबर १९७५ च्या महाराष्ट्र-आंध्र प्रदेश करारानुसार गोदावरीवर पैठण धरणस्थळापर्यंतचं आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणस्थळापर्यंतचं सगळं पाणी महाराष्ट्राला वापरता येतं. त्याखाली पोचमपाडपर्यंतच्या (तेलंगणातल्या श्रीरामसागर धरणापर्यंतच्या) पट्ट्यात (मांजरेवर निजामसागरच्या खालच्या भागासह) नव्या प्रकल्पांना ६० टीएमसीची मर्यादा आहे. पुढे १९८० च्या गोदावरी पाणी तंटा लवादाच्या निवाड्यात हे आलं. म्हणजे गोदावरीच्या पूर्णेवर एखादा बंधारा सिद्धेश्वरच्या वर आहे की खाली, यावरून त्याचं पाणी कोणत्या हिशेबात धरायचं ते ठरतं. आता कुणी अकोल्यातल्या पूर्णा बॅरेजचा साठा या यादीत घातला, तर तो गोदावरीच्या वाट्यातून वजा होतो, आणि ते पाणी तर तापीचं आहे. नावावरून याद्या जोडणाऱ्या संगणकाला यात काहीच खटकत नाही.

वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाबद्दल वाचतानाही हे भान ठेवा. गोसीखुर्दपासून सुमारे ४२६ किमीच्या या कालव्यानं वैनगंगेचं पाणी पश्चिम विदर्भात न्यायचं आहे. ‘गोदावरी खोऱ्यातून पूर्णा खोऱ्यात’ असं वाक्य त्यात येतं तेव्हा ती पूर्णा तापीची असते. नाहीतर वाक्याला अर्थच उरत नाही, कारण दुसरी पूर्णा गोदावरी खोऱ्यातच आहे.

दोन खोऱ्यांमधला दुवा पाहायचा असेल तर पूर्णा-अकोला रेल्वेमार्ग पाहा. गाडी गोदावरीच्या पूर्णेकाठच्या पूर्णा जंक्शनहून निघते, वसमत, हिंगोली, वाशीम करत अकोल्याला पोचते, म्हणजे तापीच्या पूर्णेच्या खोऱ्यात. मध्ये कयाधू आणि पैनगंगेचं तिसरंच खोरं लागतं. या मार्गावरच्या बातम्यांत ‘पूर्णा’ बहुधा स्टेशन असतं, नदी नसते. शहर, तालुका, रेल्वे जंक्शन आणि नदी या चौघांचं नाव तेच, त्यामुळे ‘पूर्णेत पाणी शिरलं’ याचा अर्थ गावात पाणी शिरलं असाही होतो.

तिसरी पूर्णा स्वभावानं या दोघींहून वेगळी. ती सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून डांगच्या जंगलातून उतरते, सुरत जिल्ह्यातल्या महुवावरून जाते आणि नवसारीखाली समुद्राला मिळते. लांबी १८० किमीच्या आसपास, खोरं सुमारे २,४०० चौ. किमी. खोरं लहान, उतार तीव्र आणि डांगमध्ये पाऊस दणकून, त्यामुळे पाणी काही तासांत चढतं. त्यात समुद्राला भरती असेल तर नवसारीच्या सखल वस्त्यांतून ते लवकर ओसरत नाही. तिथे धरणाच्या विसर्गापेक्षा डांगमधला पाऊस आणि भरतीची वेळ हे दोन आकडे जास्त सांगून जातात. पार-तापी-नर्मदा जोडप्रकल्पात केळवणचं धरण प्रस्तावित होतं ते याच पूर्णेवर. तापीच्या पूर्णेचं पाणी सुरतेवरून समुद्रात जातं आणि ही पूर्णा तिथून तीसेक किमी दक्षिणेला नवसारीला. म्हणून ‘दक्षिण गुजरातेत पूर्णेला पूर’ हे वाचून हतनूरचे दरवाजे आठवू नका, त्या दोहोंचा संबंध नाही.

पावसाळ्यात मोबाइलवर फिरणारा एखादा व्हिडिओ किंवा संदेश तपासायचा तर सोबतचं गाव पाहा. गांधीग्राम, येरळी, चांगदेव यांपैकी काही असेल तर पाणी भुसावळकडे निघालंय. येलदरी, सिद्धेश्वर, पूर्णा शहर असेल तर ते नांदेडला जाणार, कारण ही पूर्णा नांदेडच्या वरच गोदावरीला मिळते आणि नांदेडच्या विष्णुपुरी बंधाऱ्याच्या दरवाजांवर जायकवाडी, माजलगाव आणि पूर्णा असा तिघांचा भार एकत्र येतो. गाव दिलेलंच नसेल तर तो संदेश पुढे पाठवू नका. आकडा असेल तर एककही पाहा: एक क्युमेक (सेकंदाला एक घनमीटर) म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक (सेकंदाला घनफूट). क्युमेकमधला विसर्ग क्युसेक समजून वाचला तर मोठा पूर किरकोळ वाटतो, आणि उलटं झालं तर गाव उगाच घाबरतं.

नोंदी ठेवणाऱ्यांसाठी, मग ते अभ्यासक असोत, ग्रामपंचायत असो की पत्रकार, नदीच्या नावाचा रकाना ही ओळख मानू नका. त्याच्याशेजारी ‘कुणाला मिळते’, ‘खोरं व उपखोरं’, ‘तालुका’ आणि शक्य तिथे अक्षांश-रेखांश असे रकाने ठेवा. दोन याद्या जोडायच्या तर उपखोरं आणि तालुका या दोन्हींवर जोडा. संगमाचे ठोकळ आकडे पडताळणीला पुरतात: चांगदेव २१.१ उत्तर, ७६.० पूर्व, गोदावरी संगम १९.१ उत्तर, ७७.० पूर्व, नवसारीची बाजू २०.९ उत्तर, ७२.९ पूर्व. उगम मात्र ओळखीसाठी वापरू नका. उगमाबद्दल स्थानिक श्रद्धा, गॅझेटियर आणि सर्वेक्षणाचे नकाशे यांच्यात अनेकदा फरक असतो, संगमाबद्दल सहसा नसतो.

हीच रीत बाकीच्या सारख्या नावांना लावता येते, आणि महाराष्ट्रात अशी नावं भरपूर आहेत. मुळा घ्या. पुण्याची मुळा भीमेला, म्हणजे कृष्णा खोऱ्यात. तिच्यावरच्या मुळशीचं पाणी तर भिऱ्याच्या वीजघरातून कोकणात उतरतं. अहिल्यानगरची मुळा प्रवरेला मिळते आणि प्रवरा गोदावरीला. राहुरीजवळचं २६ टीएमसीचं मुळा धरण हिच्यावर, आणि समन्यायी वाटपात (वरच्या-खालच्या धरणांत पाणी सारखं वाटून देण्यात) जायकवाडीला पाणी सोडायचा वाद येतो तो हिचाच. पुण्याच्या मुळेचा जायकवाडीशी काही संबंध नाही.

मोर्णा किमान तीन आहेत: अकोल्याची, पाटण तालुक्यातली कोयनेला मिळणारी आणि शिराळ्याची वारणेला मिळणारी. पाटण आणि शिराळा शेजारी असल्यामुळे त्या दोघींचा घोळ तापीवाल्या मोर्णेपेक्षा जास्त. वाण एक तेल्हाऱ्याची, दुसरी परळीची. अरुणावती एक शिरपूरला तापीकडे, दुसरी यवतमाळ जिल्ह्यात पैनगंगेकडे. बोरी एक पारोळा-अमळनेरची, दुसरी नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालणारी. भोगावती एक राधानगरीची, दुसरी सीनेला मिळणारी.

काही जोड्या मराठीत लिहिल्या तर वेगळ्या राहतात, पण इंग्रजी नोंदीत एक होतात. महाबळेश्वरची वेण्णा आणि नागपूर-वर्ध्याची वेणा, माणदेशची माण आणि बाळापूरच्या किल्ल्याजवळ जिचा म्हैस नदीशी संगम होतो ती मन, यांची रोमन स्पेलिंगं अनेक कागदांत सारखीच सापडतात. जुन्या सरकारी तक्त्यावरून मराठीत उतरवताना तालुका पाहिल्याशिवाय माण की मन हे ठरवू नका.

चंद्रभागेचं प्रकरण मात्र या रीतीत सरळ बसत नाही. पंढरपूरची चंद्रभागा ही वेगळी नदी नाही, भीमाच आहे, त्यामुळे पाण्याच्या तक्त्यात तिची वेगळी ओळ येता कामा नये. अमरावती जिल्ह्यातली चंद्रभागा ही खरी स्वतंत्र नदी, चिखलदऱ्याच्या डोंगरातून येऊन तापीच्या पूर्णेला मिळणारी, आणि तिच्यावर धरणही आहे. हिमाचलात चंद्रा आणि भागा तांदीला एकत्र येतात, तिथून पुढची चंद्रभागा म्हणजे चिनाब. तेव्हा तक्त्यात ‘चंद्रभागा’ दिसली की आधी अचलपूरकडची आहे का ते पाहायचं. तसं असेल तर ओळ ठेवायची आणि खोऱ्याच्या रकान्यात तापी लिहायचं. पंढरपूरची असेल तर तो आकडा भीमेच्या ओळीत न्यायचा.